खालीवाली टाकी

गौरीला झोपाळ्यात बसवून, मोगऱ्याचा हार घालून आणि पुढ्यात कलिंगडाचं कमळ मांडून होईपर्यंत इंदुआत्यानं मंजिरीला ते पाकीट उघडू दिलं नाही. सकाळी पोस्टमन सही घेऊन गेला तेव्हाच तिनं ते पुतणीच्या हातातून काढून घेतलं होतं आणि गौरीच्या पाटाखाली सरकवलं होतं.

"सरकारचं असो नाहीतर कुणाचं, आज घरात जे येईल ते आधी तिच्यापुढे," ती म्हणाली होती. "इतके दिवस वाट पाहिलीस, आता डाळ वाटून होईपर्यंत पाहा."

डाळ वाटून झाली. कैरी किसून झाली. मंजिरीनं हात धुतले, पदराला पुसले, पाटाखालून पाकीट ओढलं आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा वाचलं.

'आवेदिका द्वारा खाली टंकी के जल नमूनों की जाँच रिपोर्ट चाही गई है। खाली टंकी में जल उपलब्ध न होने से नमूना लिया जाना संभव नहीं है। अतः जानकारी निरंक है।'

खाली नगर जल मंडळाचा गोल शिक्का होता आणि त्यावर लोक सूचना अधिकाऱ्याची, म्हणजे माहिती अधिकाऱ्याची, सही. ती सही ओळखायला मंजिरीला खालचं नाव वाचावं लागलं नाही. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबा गावाला गेलेले असले की हीच सही होत असे.

"काय म्हणतोय श्रीपाद?" आत्यानं विचारलं.

"टाकी रिकामी आहे म्हणतायत काका."

"कुठली?"

"खालीवाली."

आत्यानं हातातलं पातेलं नळाखाली धरलेलंच होतं. तिनं त्यात पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे पाहिलं, मग मंजिरीकडे. "मग हे काय पडतंय?"

चूक कुठे झाली ते मंजिरीला तेवढ्यात उमगलं, आणि तिचे कान गरम झाले. मोतीटेकडीला पाण्याच्या दोन टाक्या. एक वर, हनुमानाच्या देवळापाशी. दुसरी खाली, नाल्याच्या अंगाला. वरचीला घरात वरची म्हणत, पण खालचीला कुणी खालची म्हणत नसे. ती 'खालीवाली'. मराठीतलं खाली आणि हिंदीतलं वाली, असा तो घरात तयार झालेला शब्द. दूधवाल्यापासून वायरमनपर्यंत सगळ्या गल्लीनं तो उचलला होता. मंजिरी जन्मापासून तो ऐकत होती. अर्ज हिंदीत लिहायचा म्हणून तिनं 'टाकी'चं 'टंकी' केलं, 'वाली' जरा घरगुती वाटलं म्हणून काढून टाकलं, आणि जे राहिलं ते हिंदीत वाचणाऱ्याला एकच सांगत होतं: रिकामी टाकी.

रसायनशास्त्रात एमएस्सी केलेली, प्रयोगशाळेत दशांशचिन्ह दोनदा तपासणारी मुलगी, आणि अर्जातल्या पहिल्याच शब्दाला ठेच खाल्ली. हिंदी तिला काय येत नव्हती? अर्धा दिवस ती हिंदीतच बोलत असे. पण हा शब्द घरातला होता, आणि घरातली वस्तू कुणी तपासून पाहत नाही.

"पण त्याला तरी कळलं असेल ना?" आत्या म्हणाली. "शब्द त्याचाच तर. लहानपणी कळशी घेऊन निघाला की गल्लीभर ओरडत जायचा, खालीवाली पे जा रहा हूँ, कोई आ रहा है क्या, म्हणून. तेव्हापासून ती खालीवाली झाली."

हेच तर होतं. अर्ज दुसऱ्या कुणी वाचला असता तर मंजिरीनं स्वतःला चार शब्द सुनावले असते आणि नवा अर्ज लिहिला असता. पण जगात एकच अधिकारी असा होता ज्याला 'खाली' शब्दाचा अर्थ तिच्याइतकाच ठाऊक होता, आणि नेमकी त्याचीच सही होती.

बाबा ग्वाल्हेरच्या कंपू भागातलं दुकान बंद करून आले तेव्हा घामानं ओथंबले होते. बाबांचं, म्हणजे राघवचं, औषधांचं दुकान इस्पितळांच्या रांगेसमोर होतं आणि सणाच्या दिवशी ते लवकर बंद करायचा त्याला मनापासून आनंद होत असे. आई इंदूरला मावशीकडे गेलेली, त्यामुळे आज पन्ह्याचं काम त्याच्यावर आलं होतं. त्यानं कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि हळूच म्हणाला, "आज नको काढू हा विषय."

"बाबा, उन्हाळा सुरू झाला की तुमच्या दुकानात जुलाबाची औषधं कोण नेतं? आपलीच गल्ली ना? तुम्हीच सांगता."

"सांगतो. पण त्यावरून टाकीवर बोट ठेवता येतं का?"

"नाही येत. म्हणून तर रिपोर्ट मागितला." मंजिरीनं घरच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन क्लोरीन तपासायचे थेंब टाकून पाहिले होते. पाणी पिवळं व्हायला हवं होतं, झालं नव्हतं. पण एका नळावरून टाकीबद्दल बोलणं तिला पटत नव्हतं. मध्ये पाइप असतो, जोड असतात, गळती असते. टाकीचं पाणी कसं आहे ते टाकीच्या तपासणीनंच सांगावं. दिवाळीत तिनं काकांना तोंडी विचारलं, तेव्हा ते करंजी मोडत हसत म्हणाले होते, "माहिती हवी असेल तर अर्ज कर की. कायदा आहे."

"दादाची रिटायरमेंट तोंडावर आली आहे," राघव म्हणाला. "दुकानाची जागा त्याच्या ओळखीनं मिळाली. तू अपील केलंस तर सुनावणीत समोर कोण बसणार? तोच."

"मग बसू दे," आत्या आतून म्हणाली. "आजवर काय पाठ करून बसलाय का आपल्याकडे?"

श्रीपादकाका, सीमंतिनीकाकू आणि शंतनु हरिशंकरपुरमहून आले ते पाण्याचा मोठा जार घेऊन. शंतनुनं तो खांद्यावर वाहून आणला आणि ओट्यावर आदळला.

"इतक्या बायका येणार, पाणी कमी पडायला नको," काकू घाईघाईनं म्हणाली आणि ओटीचं सामान घेऊन गौरीकडे वळली. मंजिरीनं जार पाहिला. मोतीटेकडीला दुपारी पाण्याला तोटा नसतो, हे काकूला माहीत होतं. ती या घरात नवी नवरी म्हणून आली होती. पण तेव्हा मंजिरीनं ते मनात नुसतं नोंदवलं.

काकांनी गौरीला नमस्कार केला आणि झोपाळ्याची दोरी नीट केली. मग त्यांची नजर पुतणीच्या हातातल्या कागदावर गेली. मंजिरीनं तो लपवला नव्हता.

"मिळालं?" त्यांनी विचारलं.

"मिळालं. निरंक."

"हं."

"काका, तुम्हाला खरंच वाटलं की मी रिकाम्या टाकीतलं पाणी मागतेय?"

"अर्जात जे लिहिलं त्याचं उत्तर द्यायचं असतं, मंजू. मनातलं वाचायची सोय कायद्यात नाही."

"मनातलं नाही. घरातलं."

शंतनु मध्ये पडला. तो ग्वाल्हेरच्या बाकीच्या मुलांसारखाच. वाक्य मराठीत सुरू करी आणि हिंदीत संपवी. "तू पण ना मंजू. आज सण आहे. पापांचे चार महिने राहिले, आराम से निकल जाने दे ना यार. अपील-वपील बाद में कर लेना."

"बाद में म्हणजे उन्हाळा संपल्यावर?"

"अगं, पेन्शनचे कागद वर गेलेत," काकू गौरीपुढून मान न वळवता म्हणाली. "साहेबाच्या एका शेऱ्यानं अडकतात. तुझं काय जातं? तुला नोकरी आहे, पाणी उकळून पी. एवढी शिकलीस ती घरच्यांच्याच चुका काढायला का?"

"चूक मी माझीच काढली काकू. आत्ताच. शब्द चुकला माझा, कबूल आहे," मंजिरी म्हणाली. "पण मी उकळून प्यायले तरी शेजारी नाही उकळत. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही."

राघव काहीतरी बोलणार होता, पण पन्हं ढवळायचा डाव हातात धरून नुसताच उभा राहिला. तो नेहमी असाच उभा राहत असे, भाऊ आणि मुलगी यांच्या मध्ये, दोघांनाही पाठ दाखवता येत नाही म्हणून.

त्या घरात मंजिरीला पाण्याबद्दल पहिली गोष्ट शिकवली होती ती याच काकांनी. तेव्हा ते मंडळाच्या प्रयोगशाळेत होते, दफ्तरात नव्हे. सुट्टीत ते तिला बरोबर नेत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळताना दाखवत आणि बाटल्या भरायला देत. तिनं एकदा उत्साहानं ओळीनं बाटल्या भरून ठेवल्या, तर काकांनी सगळ्या ओतून टाकल्या होत्या. "आधी चिठ्ठी," ते म्हणाले होते. "कुठलं पाणी ते आधी लिहायचं, मग बाटली भरायची. नाव नसलेलं पाणी म्हणजे नुसतं पाणी. त्याला विचारणार काय?" प्रयोगशाळेत आजही बाटली उचलण्याआधी तिचा हात चिठ्ठीकडे जात असे.

बायका यायला अजून थोडा वेळ होता. आत्यानं घरच्यांना पन्हं द्यायला सांगितलं. ओट्यावर दोन पातेली झाकून ठेवलेली होती. राघवनं एकातून पेले भरले, ट्रेमध्ये मांडले आणि पहिला पेला भावापुढे धरला.

श्रीपादकाकांनी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. आणि मग अगदी सहज, जसं कुणी साखर किती घातलीय म्हणून विचारावं तसं, विचारलं, "कुठलं पाणी घेतलंस रे राघव?"

"जारचं एका पातेल्यात संपलं. हे नळाचं."

काकांनी पेला ट्रेमध्ये परत ठेवला. आवाज झाला नाही, इतका हळू. पण स्वयंपाकघर, बैठक आणि मधलं दार, सगळीकडे तो पेला ठेवल्याचं कळलं.

मंजिरी बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. प्रयोगात एखादा रंग अपेक्षेप्रमाणे बदलला की तिचा आवाज असा सपाट होत असे. "काका, मी एवढंच विचारलं होतं. हाच प्रश्न. शब्दसुद्धा जवळपास हेच."

मग शंतनुनं जारकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "मम्मी, जार तुम्ही मागवला की पापांनी?"

"काय फरक पडतो?"

"पडतो. सकाळी पापांनीच फोन केला होता जारवाल्याला. मला म्हणाले, आत्या के यहाँ ले चल, भूलना मत." तो बापासमोर येऊन उभा राहिला. आत्तापर्यंतची आराम से निकल जाने दे वाली ढब गेली होती. "पापा, आपको पता था क्या?"

श्रीपादकाका झोपाळ्याजवळच्या खुर्चीत बसले. "रिपोर्ट माझ्या टेबलावरून जातात. वाचता येतं मला, अजून तरी."

"दादा," राघव म्हणाला. डाव अजून त्याच्या हातातच होता. "माझ्या दुकानात लोक लहान पोरं कडेवर घेऊन येतात. आपल्याच गल्लीतले. मी त्यांना पुड्या देतो आणि सांगतो, बाहेरचं खाणं बंद करा. चाट बंद करा, पाणीपुरी बंद करा. मी त्यांना हे सांगतो, दादा. आणि तू जार मागवतोस."

राघव आयुष्यात भावाशी या आवाजात बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्यालाच ते नवं वाटलं असावं, कारण त्यानं डाव ओट्यावर ठेवला आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"साहेब म्हणाले, अभी मत दो, गर्मी निकलने दो," काका म्हणाले. "तोंडी. लेखी मागितलं तर हसले. तेवढ्यात मंजूच्या अर्जात तो शब्द दिसला. वाटलं, सुटलो."

"मुद्दाम असं उत्तर दिलंत का, अपिलात टिकू नये म्हणून?" मंजिरीनं विचारलं. कुठेतरी तिला तसं असावं असं वाटत होतं.

काकांनी मान हलवली. "तेवढं श्रेय मला देऊ नकोस. सही केली तेव्हा डोक्यात सुटका होती, बाकी काही नाही. पाकीट गेल्यावर लक्षात आलं की अपिलात हे उभंसुद्धा राहणार नाही. आणि खरं सांगू, तेव्हा जास्त बरं वाटलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "अपील कर. वरच्या अधिकाऱ्यानं लेखी आदेश दिला की रिपोर्ट देताना माझा हात कुणी धरणार नाही. नाव माझंच घाल. आणि 'निचली टंकी' लिही. 'नाले के पास वाली' असंही लिही. पुन्हा कुणाला फट ठेवू नकोस."

"अहो," काकू म्हणाली. एवढंच. पण त्यात सगळा महिन्याचा हिशेब होता, पेन्शनचा, फ्लॅटचा, साहेबाच्या शेऱ्याचा.

"सीमंतिनी, तू इथलंच पाणी पिऊन शंतनुला वाढवलंस," इंदुआत्या म्हणाली. ती इतका वेळ गौरीपुढची समई सारखी करत होती. "तेव्हा तुला कुणी जार आणून दिला असता आणि शेजारणीला दिला नसता, तर तू काय केलं असतंस? गल्ली डोक्यावर घेतली असतीस. मी पाहिलंय तुला भांडताना."

काकूला हसू आवरलं नाही, आणि आवरलं नाही म्हणून ती जास्त चिडली. "तुमचं आपलं बरं असतं, ताई," ती म्हणाली. पण खुर्ची ओढून ती नवऱ्याशेजारी बसली आणि पाकिटातला कागद वाचायला हात पुढे केला. तिनं तो अजून पाहिलाही नव्हता. 'निरंक'पाशी आल्यावर तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की शंतनुनं तोंड फिरवलं.

"अपील मी करणारच," मंजिरी म्हणाली. "सोमवारी. नाव तुमचंच राहील. त्याबरोबर टाकीची पाहणी आणि टाकीतल्या पाण्याचा सीलबंद नमुनाही मागणार आहे. कागदच नाही, वस्तूचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो, ते कलम मी वाचलंय."

काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालं. "ते कुणी मागत नाही कधी," ते म्हणाले. "नोकरीभर एकानंही मागितलं नाही." मग जरा थांबून, "बाटली उकळून घेतलेली आण. आमच्याकडच्या भरवशाच्या नाहीत."

"चिठ्ठी आधी लावून आणेन."

"पण एक आहे काका," ती पुढे म्हणाली, आणि तिनं आवाज मऊ केला नाही. "आदेश येईल तेव्हा येईल. तोवर लोक तेच पाणी पिणार. सुधारित उत्तर द्यायला तुम्हाला आदेश लागत नाही."

तेवढ्यात दार वाजलं आणि हिरव्या साडीतल्या शालिनीताई आत आल्या. समोरच्या घरात राहणाऱ्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या आधी येणाऱ्या आणि सगळ्यांच्या नंतर जाणाऱ्या. मागोमाग आणखी दोघी-तिघी. आत्यानं हळदीकुंकू लावलं, हातावर अत्तर लावलं, ओटीत भिजवलेले हरभरे घातले. शंतनु गुपचूप जारच्या पातेल्यातून पेले भरू लागला.

शालिनीताईंचं लक्ष ट्रेवर गेलं. "हे भरलेलं आहे की. आणखी कशाला भरतोस रे?"

"ते नको घेऊ," आत्या म्हणाली. "ते नळाच्या पाण्याचं आहे."

"मग?" शालिनीताई हसल्या. "आम्ही रोज काय गंगाजल पितो? नळाला काय झालंय?"

मागच्या बायका थांबल्या. आत्यानं मंजिरीकडे पाहिलं, राघवनंही. सगळ्यांना वाटलं, आता ही बोलेल. मंजिरीपाशी एका नळाची एक बाटली होती आणि तिच्यात पिवळा न झालेला थेंब. तेवढ्यावर टाकीबद्दल बोलायचं नाही हे तिनं ठरवलं होतं, आणि ते आजही बदललं नव्हतं. तिनं काकांकडे पाहिलं. प्रश्न योग्य अधिकाऱ्यासमोर आला होता. अर्ज तोंडी होता, शुल्क भरलेलं नव्हतं, पण मागणाऱ्या बाईनं कुठेही रिकामी जागा ठेवली नव्हती.

श्रीपादकाका उठले. काकूनं त्यांच्या बाहीला हात लावला, धरली मात्र नाही. त्यांनी ट्रेमधला स्वतःचा पेला उचलला, मोरीपाशी गेले आणि तो ओतला. मग दुसरा, तिसरा. राघवनं सगळं पातेलंच उचलून त्यांच्या हाताशी आणून दिलं.

"वहिनी, पाणी उकळून घ्या," ते ओतता ओतता म्हणाले, दफ्तरातल्या नव्हे, गल्लीतल्या आवाजात, दारापर्यंत जाईल अशा. "आजपासूनच. मुलांना तर नक्की. फेब्रुवारीपासूनचे रिपोर्ट खराब आहेत. मी पाहिलेत. मंजूच्या हातात कागद आला की तुम्हालाही मिळेल."

"कुठल्या टाकीचे?" शालिनीताईंनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

"खालीवाली," काका म्हणाले.

शालिनीताईंनी हातातली ओटी तशीच सावरली, दारातून तोंड बाहेर काढलं आणि समोरच्या गच्चीवर उभ्या असलेल्या सुनेला हाक मारून तेच सांगितलं. सुनेनं पुन्हा विचारलं नाही. ती माठ रिकामा करायला आत वळली.